झुंबरबाईची तारीख

कुंभार पिंपळगावात दोन हजार आठ साली सगळ्यात जास्त चर्चा झाली ती झुंबरबाईच्या खटल्याची. पारावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, जिथं दोन माणसं उभी राहतील तिथं तोच विषय. बाजू कुणाची भक्कम, वकील कुणाचा हुशार, निकाल कुणाच्या बाजूनं लागणार, यावर लोक हमरीतुमरीवर यायचे. एवढीच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, की असा खटला कुठल्याच कोर्टात नव्हता.

झुंबरबाई शिवणकाम करायची. नवरा संपत वायरमनच्या हाताखाली गावोगाव लाइनची कामं करत फिरायचा. तो वारला तेव्हा घरच्यांनी गावाला टीबी सांगितला. त्याची गादी आणि ताट-तांब्या घेऊन सासरा ओढ्याकडं गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मूलबाळ नव्हतं. "रोडकडच्या खोलीत उजेड चांगला हाय, शिवायला बरं पडंल," असं म्हणून झुंबरबाईचं मशीन आणि तिची पेटी घरच्यांनी रस्त्याकडच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली. वर्षभरात सासराही गेला. शेत एकत्रच राहिलं आणि ते धाकटा दीर मच्छिंद्र कसू लागला. झुंबरबाईनं कधी वाटणी मागितली नाही. तो विचारच तिच्या डोक्यात नव्हता.

मग तिचं तिलाच बरं वाटेनासं झालं. ताप यायचा, जायचा, परत यायचा. स्वतःसाठी शिवलेलं पोलकं दोन महिन्यांत अंगात लोंबायला लागलं. गावच्या डॉक्टरनं जालन्याला पाठवलं. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि तिथल्या मॅडमनं दार लावून घेऊन तिला नीट समजावून सांगितलं. झुंबरबाई रडली नाही. संपतला काय झालं होतं हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, ते आता कळलं, एवढंच तिच्या मनात आलं.

मॅडम म्हणाल्या, "गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. एकही चुकवायची नाही. चुकवली तर आजार गोळीला जुमानत नाही. दर महिन्याला इथं यायचं आणि पुढच्या महिन्याच्या न्यायच्या. ही तुमची पुढची तारीख."

बाईनं गोळ्यांच्या डब्यावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि गोळ्या घरी बटनांच्या डब्यात ओतल्या. पांढऱ्या गोळ्या, पांढरी बटनं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी हात डब्यात जायचा, एक बटन ब्लाउजकडं यायचं आणि एक गोळी तोंडाकडं. एकदा उलट झालं. ते बटन दाताखाली आलं म्हणून बरं.

अडचण गोळी खाण्याची नव्हती. दर महिन्याला जालन्याला का जायचं, हे गावाला काय सांगायचं, ही होती. मॅडमनं सुचवलं होतं, "शुगर आहे म्हणून सांगा." पण गावात शुगरवाल्या बायका ढीगभर. त्या सगळ्या सोबत निघाल्या असत्या, आणि वर जन्मभर लोकांच्या घरी बिनसाखरेचा चहा प्यावा लागला असता. देवाचं सांगावं तर निम्मी गल्ली पिशव्या घेऊन गाडीत बसली असती.

दुसऱ्या खेपेहून ती परतली तेव्हा थांब्यावर इमामबी उभी होती. इमामबी शेजारीण, वयानं मोठी, दिवसातून तीनदा झुंबरबाईच्या उंबऱ्यावर बसणारी.

"कुठं गेल्ती गे झुंबर?"

बाई प्रवासानं शिणली होती. खोटं रचायचं त्राण नव्हतं. तोंडातून खरंच निघून गेलं.

"तारीख होती, मावशी."

"तारीख? अंबडला?"

गाडी अंबडहूनच आली होती. अंबडला कोर्ट आहे. या भागातला माणूस "तारीख" म्हणाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काळा कोटच येतो. झुंबरबाई एक क्षण थांबली आणि म्हणाली, "हं."

"बराबर केलं तू!" इमामबीनं तिच्या पाठीवर थाप मारली. "जमीन का छोडायची? हक है तेरा!"

झुंबरबाई खोलीवर पोचून हातपाय धुवेपर्यंत बातमी पारावर गेली होती, आणि मशीनवर बसेपर्यंत मच्छिंद्रच्या अंगणात.

रात्रभर विचार करून तिला पटलं, की याच्याहून चांगलं काही सापडायचं नाही. गावाला जन्मभर चालणाऱ्या दोनच गोष्टी ठाऊक होत्या, संसार आणि कोर्टकचेरी. केस किती वर्षं चालली तरी कुणाला नवल वाटत नाही. सोबतही कुणी येत नाही, कारण साक्षीला उभं राहावं लागेल या भीतीनं लोक आपणहून लांब राहतात.

मच्छिंद्र तसा वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. नोटीस आली नाही म्हणून त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याला उलट जास्त भीती वाटली. तो अंबडला जाऊन एका वकिलाच्या टेबलासमोर बसला.

"साहेब, माझ्या भावजयीनं केस टाकली. पण नोटीस न्हाई आली."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "नोटीस आली नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे. एकतर्फी निकाल घ्यायचा विचार दिसतोय. आपण आधीच हजर राहू."

"पण केसचा नंबर?" मच्छिंद्रनं विचारलं.

"ते माझ्यावर सोडा. इथं सही करा."

त्या दिवसापासून मच्छिंद्रलाही तारखा पडू लागल्या. वकीलसाहेब सांगायचे, आज जज रजेवर होते. आज समोरच्यांनी मुदत मागितली. आज आपण अशी काही हरकत घेतली की समोरचा वकील घामाघूम झाला. मच्छिंद्र गावात येऊन हे सांगायचा. कुणीतरी ते झुंबरबाईला येऊन सांगायचं, आणि आपला वकील घामाघूम झाला हे ऐकून बाई सुईत दोरा ओवता ओवता थांबायची.

इकडं गोळ्यांनी गुण दाखवला. ताप गेला, भूक आली, अंग भरलं. फक्त पायांत मुंग्या यायला लागल्या, अशा की मशीनचा पायटा हलवताना तळवा आपला आहे की दुसऱ्या कुणाचा हे समजू नये. ती खाली बघून पाय जागेवर आहेत याची खात्री करायची आणि मग टीप घालायची. गाव म्हणालं, केस मनासारखी चालली असणार, बाईच्या तोंडावर तेज बघा.

रक्तातली ताकद मोजायची एक तपासणी असते, तिला दवाखान्यात सगळे सीडी म्हणतात. झुंबरबाईची सुरुवातीला शंभराच्याही खाली होती. दीड वर्षानं ती वाढल्याचं समजलं तेव्हा तिला कुणाला सांगू असं झालं. दवाखान्यातल्या रांगेत ओळख झालेली एक बाई होती. गावातल्या कॉइनबॉक्सवरून झुंबरबाईनं तिला फोन लावला आणि आनंदाच्या भरात जरा मोठ्यानं बोलली, "अगं, माझी सीडी साडेतीनशेवर गेली!"

मागं इमामबी मिठाची पुडी घेऊन उभी होती.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं. झुंबरबाईकडं पुराव्याच्या साडेतीनशे सीड्या आहेत. त्या काळात गावात तीन घरी सीडीचा डबा होता आणि त्यावर लग्नाची शूटिंगं बघायला लोक गोळा व्हायचे. त्यामुळं सीडीत माणूस जसाच्या तसा दिसतो हे सगळ्यांना माहीत होतं. साडेतीनशे सीड्यांत काय काय दिसत असेल याचा ज्याचा तो अंदाज बांधू लागला. बांधाचा दगड सरकवणारे दोघं-तिघं आठवडाभर शेताकडं फिरकले नाहीत. मच्छिंद्रची तर झोपच उडाली.

"आपण काय केलंय एवढं, शूटिंग काढण्यासारखं?" त्याची बायको साळूबाई म्हणाली.

"तेच आठवून राह्यलो," मच्छिंद्र म्हणाला.

आठवलं नाही तेव्हा तो तडजोडीला आला. सोबत गावातले जाणते सर्जेराव आणि आणखी एक जण. खोलीत बसायला जागा नव्हती. सर्जेराव स्टुलावर बसले, बाकीचे दोघं शिवलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्याशेजारी उकिडवे.

"झुंबरबाई," सर्जेराव म्हणाले, "मच्छिंद्र विहिरीकडचा तुकडा तुझ्या नावावर करून द्यायला तयार हाय. पाण्याचा तुकडा हाय, बाई. केस काढून घे."

झुंबरबाईचा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. विहिरीकडचा तुकडा! आयुष्यात कुणी तिला रुमालभर काही आपणहून दिलं नव्हतं. ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात मनात आलं, केस मिटली तर तारीख मिटली. तारीख मिटली तर पुढच्या महिन्यात जालन्याला काय सांगून जायचं?

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"मला कोर्टाचाच न्याय पाहिजे."

"अगं, कोर्ट देऊन देऊन काय देईल? जे देईल तेच हा घरी आणून देऊन राह्यलाय!"

"मंग त्यांनी कोर्टात द्यावं."

सर्जेरावांनी मच्छिंद्रकडं बघितलं, मच्छिंद्रनं जमिनीकडं. बाहेर पडताना सर्जेराव एवढंच म्हणाले, "बाई तत्त्वाची हाय." झालं. त्या दिवसापासून झुंबरबाई गावातली कायदेपंडित ठरली. बायका ब्लाउजचं कापड घेऊन यायच्या आणि माप देता देता सासूचं, सवतीचं, बांधाचं विचारायच्या. बाई तोंडात टाचण्या धरून "हं, हं" करायची. तेवढ्यानंच त्यांना धीर यायचा. दोघींची भांडणं त्या हुंकारांवर मिटलीसुद्धा.

मच्छिंद्रला मात्र आता पक्कं वाटायला लागलं, की यात खोल काहीतरी आहे. पाण्याचा तुकडा नाकारणारी बाई साधी नाही. पुढच्या तारखेला त्यानं तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि त्याच गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. अख्खी गाडी त्याला ओळखत होती. कंडक्टरनं विचारलं, "मच्छिंद्रराव, दात दुखतो का?" झुंबरबाई पुढं खिडकीशी होती, गाडीच्या खडखडाटात तिला काही ऐकू आलं नाही.

अंबडला ती उतरली. कोर्टाच्या दिशेनं न जाता ती जालन्याच्या गाडीत चढली. मागून उतरलेला मच्छिंद्र जागीच थबकला. केस जिल्ह्याला नेली! वकीलसाहेब बोलले नाहीत! तोही चढला. जालन्याला ती सरकारी दवाखान्याच्या फाटकात शिरली. आता त्याला सगळं उमगलं. मारहाण झाल्याचा डॉक्टरी दाखला काढायला आली! त्यानं जन्मात तिच्यावर हात उचलला नव्हता, पण दाखला काय, निघतो.

ती ज्या रांगेत बसली त्याच रांगेच्या शेवटी तो बसला. बघतो तर निम्म्या लोकांनी तोंडं झाकलेली. कुणी ओढणीनं, कुणी रुमालानं. त्याला वाटलं, बाप रे, एवढे सगळे आपापल्या वहिनीच्या मागावर?

तिथला एक समुपदेशक रांगेतून फिरत होता. उपरण्यात घामाघूम झालेला मच्छिंद्र बघून तो शेजारी बसला.

"पहिल्यांदाच आलात का काका?"

"हो," मच्छिंद्र हळू आवाजात म्हणाला.

"घाबरू नका. तुमची केस कधीची आहे?"

मच्छिंद्रला धक्का बसला. यांना पण ठाऊक! "दीड-दोन वर्षं झाली असतील."

"मग इतके दिवस आला का नाहीत?"

"वकिलानं सांगितलंच न्हाई इकडं यायचं."

समुपदेशकानं विचारलं, "घरात कुणाला माहीत आहे?"

"सगळ्या गावाला माहीत हाय."

"गावानं त्रास दिला?"

"गाव तिच्याच बाजूनं हाय, साहेब."

"कुणाच्या?"

"वहिनीच्या. तिच्यामुळंच तर झालं हे सगळं."

समुपदेशकानं फार समजूतदार चेहरा केला. "हे बघा काका, कुणामुळं झालं हा विचार सोडून द्या. तुमच्या बायकोची तपासणी झाली का?"

"साळूबाईची? तिला कशाला ओढता यात? तिचं तर सातबाऱ्यावर नाव बी न्हाई!"

शेवटचं वाक्य तो ओरडूनच बोलला. रांगेतली सगळी झाकलेली तोंडं मागं वळली. त्यातल्या एका तोंडावरचा पदर खाली आला. झुंबरबाई.

"भाऊजी?"

ती उठून आली. समुपदेशकाला म्हणाली, "हे माझ्यासोबत आलेत," आणि मच्छिंद्रच्या दंडाला धरून त्याला बाहेर लिंबाखाली घेऊन गेली. पळून जाण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं. ते नाव दोघांच्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि तेही घरापासून इतक्या लांब.

मच्छिंद्र उपरण्याचं टोक पिळायला लागला.

"दादालाबी हेच?"

"हो."

"आन् आम्ही तुमचं मशीन उचलून रस्त्याकडं..."

"उजेड चांगला हाय तिथं," झुंबरबाई म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. उजेड खरंच चांगला होता.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मंग केस?"

"केस न्हाई, भाऊजी. कधीच नव्हती."

"साडेतीनशे सीड्या?"

तिनं त्याला रक्ताची सीडी समजावून सांगितली. मच्छिंद्रच्या खांद्यावरून मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यानं मोठा श्वास घेतला, आणि अर्ध्यावरच त्याचं तोंड उघडं राहिलं.

"वहिनी, केस नव्हती तर माझा वकील दर महिन्याला कुणाशी भांडून राह्यलाय?"

झुंबरबाईनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. मच्छिंद्रला वाटलं रडते. पदर बाजूला झाला तेव्हा ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तोही हसला. नंतर दोघं गोळ्या घ्यायला पुन्हा रांगेत गेले.

परतताना अंबडला उतरून मच्छिंद्र वकिलाकडं गेला. म्हणाला, "साहेब, केस काढून घ्यायची हाय." वकीलसाहेब कळवळले. "आत्ता? आपण जिंकायला आलोय! आणि प्रतिवादीला केस काढता येत नसते. वादीनं काढावी लागते." मच्छिंद्रला खूप काही बोलायचं होतं. पण बोललं तर पिंपळगावात कळणार, की हा दोन वर्षं हवेशी कोर्ट खेळला. तो नमस्कार करून निघाला. तोंडातून ब्र काढायचा नाही, हे त्याचं आणि झुंबरबाईचं आपोआप ठरून गेलं. तिचं झाकायचं म्हणजे स्वतःचंही झाकायचं होतं.

मग गावानं अजब गोष्ट बघितली. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीनं, कधी एकाच सीटवर बसून तारखेला जायचे. प्रतिवादी वादीची पिशवी धरायचा. विहिरीकडचा तुकडा त्यानं आपणहून तिच्या नावावर करून दिला. गाव म्हणालं, हा अंतरिम आदेश असणार. साळूबाईनं नवऱ्याशी महिनाभर अबोला धरला. मग एका संध्याकाळी ती स्वतःच झुंबरबाईच्या खोलीत ब्लाउज शिवायला टाकायला आली. माप देऊन झालं तरी उठली नाही. चहा झाला तो प्यायली, झुंबरबाईच्याच कपात. नवऱ्यानं तिला किती सांगितलं होतं, हे तिनं सांगितलं नाही आणि झुंबरबाईनं विचारलं नाही.

त्याच सुमारास बायकांच्या सल्ल्याच्या गर्दीत शेजारच्या वस्तीवरची रजिया आली. तिनं कापड आणलं नव्हतं. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, मला पण जालन्याची तारीख दिली. काय सांगून जाऊ?" झुंबरबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या भावाचं नाव काय?" पुढच्या महिन्यापासून रजियाचीही केस सुरू झाली.

पायाच्या मुंग्यांचं झुंबरबाईनं शेवटी डॉक्टरला सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं, कारण गोळीबद्दल तक्रार केली तर गोळीच बंद करतील असं तिला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, "अहो, आधी बोलायचं ना." त्यांनी गोळी बदलून दिली. नव्या गोळीनं पहिले पंधरा दिवस मळमळलं. मग पोट रुळलं, आणि हळूहळू पायटा पायाला लागायला लागला.

त्या नव्या गोळ्या चालू असताना एकदा तिला ताप आला आणि नेमका तारखेचा दिवस उजाडला. मच्छिंद्र एकटाच जालन्याला गेला. मॅडमनं फोनवर झुंबरबाईशी बोलून खात्री केली आणि गोळ्या देताना विचारलं, "पेशंटचे आपण कोण?"

सवयीनं मच्छिंद्रच्या तोंडून निघालं, "विरोधी पार्टी."

मॅडमनं मान वर करून बघितलं. "म्हणजे?"

"दीर, दीर," तो घाईघाईनं म्हणाला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा विहिरीकडच्या तुकड्यात काय लावायचं यावर दोघांचं बांधावर बोलणं झालं. मच्छिंद्र म्हणाला, "कपाशी लावा. दिवाळीनंतर हातात येती."

झुंबरबाई म्हणाली, "मोसंबी लावू."

"वहिनी, मोसंबीला फळ धरायला पाच-पाच वर्षं लागत्यात."

"माहीत हाय मला."

मच्छिंद्रनं दोरी आणली, झुंबरबाई एक टोक धरून उभी राहिली, आणि दोघांनी मिळून खड्ड्यांच्या जागा आखल्या.